तनखी साहेब

आमच्या घरात कापूस नव्हता अशी एकच जागा होती, ती म्हणजे गादी. झोपायला मायच्या जुन्या लुगड्यांची वाकळ होती आणि तीही पातळ. बाकी कापूस सगळीकडे. वरणात कापूस, कंदिलाच्या काचेवर कापूस, बाबांच्या खाकी शर्टाच्या खिशात कापूस, माझ्या वेणीत कापूस. माय जिनिंगमधून आली की दारातच पदर झटकायची, तरी तिच्या भुवया पांढऱ्याच राहायच्या. वर्गातल्या पोरी मला ‘म्हातारीची पोट्टी’ म्हणून चिडवायच्या. मी त्यांतल्या एकदोघींना बदडलंही आहे, आणि इतक्या वर्षांनी आठवून पाहिलं तरी त्याचं मला काही वाईट वाटत नाही.

आदिलाबादेत तेव्हा थंडीचे महिने म्हणजे जिनिंगचे महिने. पेनगंगेपलीकडून आणि इकडे उटनूरच्या बाजूने कापसाच्या बंड्या, म्हणजे बैलगाड्या, यायच्या, रस्त्यावर रांगा लागायच्या, बैलांच्या शेणाचा आणि सरकीचा मिळून एक वास गावावर बसायचा. रुळांपलीकडे आमची वस्ती आणि वस्तीच्या पाठीलाच शेठची जिनिंग. यंत्रं चालू झाली की आमच्या फळीवरची जर्मनची ताटं किणकिणायची. हंगाम संपून ती थांबली की दोनचार दिवस कोणाला नीट झोप लागायची नाही, इतका तो आवाज अंगवळणी पडलेला. मायचा डबा म्हणजे ज्वारीची भाकर, त्यावर जवसाची चटणी नाहीतर अंबाडीची भाजी. आमच्या तेलुगू शेजारणी अंबाडीला पुंटीकुरा म्हणायच्या आणि त्यांची आमच्यापेक्षा आंबट व्हायची, हे माय कधी कबूल करायची नाही. जिनिंगमध्ये जेवताना माय डोक्यावरचा पदर पुढे ओढून त्याच्या आत भाकर धरायची, नाहीतर घासागणिक रुई तोंडात जायची.

बाबा तहसीलमध्ये अटेंडर, म्हणजे शिपाई होते. निजाम जाऊन जमाना झाला होता, पण तहसीलच्या टेबलांवरून तो काही उठला नव्हता. तिथे अजून मुलाहिजा, दरखास्त, इत्तिला चालायचं, आणि बाबा ते शब्द जेवणाच्या ताटावरही आणायचे. भाजीत मीठ कमी पडलं की सरळ मागायचं सोडून ‘मिठाची दरखास्त हाय’ म्हणायचे. माय मिठाचं मडकंच त्यांच्यापुढे आदळायची. संध्याकाळी बुद्धवंदना झाली की बाबा दिवसभरात तहसीलमध्ये काय काय कानावर पडलं ते सांगायचे. आमच्या घरी वर्तमानपत्र येत नव्हतं आणि त्याची गरजही नव्हती.

जिनिंगमध्ये कापसातून सरकी वेगळी करणारी यंत्रं ओळीने उभी होती. ती तशी गरीब. भीती होती ती शेवटच्या शेडमधल्या ओपनरची. रुईच्या गाठी बांधायच्या आधी ती मोकळी करायला हे यंत्र. एका तोंडाने रुई आत कोंबायची, आत लोखंडी दात्यांचा रूळ गरगर फिरायचा आणि दुसऱ्या तोंडाने रुई पिंजून बाहेर उडायची. दोन्ही तोंडांशी बायाच. माय आत घालणाऱ्या तोंडाशी आणि तिची जिवाची मैत्रीण शांतामावशी बाहेर पडणाऱ्या तोंडाशी. आदल्या हंगामात तिकडचं तोंड तुंबलं, मुकादमाने ‘हात घाल’ म्हटलं, आणि शांतामावशीने घातला. उजवा हात कोपराच्या खाली राहिला नाही. शेठच्या माणसांनी तिला सरकारी दवाखान्यात नेलं आणि ही बाई बंडीखाली आली असं सांगितलं. पुढे शेठने तिला कामावरून काढलं नाही, डाव्या हाताने सरकी झाडायला ठेवली, म्हणून गावात शेठच्या दयेचं केवढं कौतुक झालं. माय ते कौतुक ऐकलं की थुंकायची, अगदी शब्दशः.

फॅक्टरी इन्स्पेक्टर कधीमधी यायचा. तो येणार हे जिनिंगला आधीच कळायचं, ते कसं हे विचारायची पद्धत नव्हती. ओपनरपाशी बायांना काम करायला कायद्याने मनाई आहे, एवढं मुकादमाला ठाऊक होतं. म्हणून साहेबाच्या दिवशी मुकादम पोशेट्टी सगळ्या बायांना सरकीच्या गोदामामागे नेऊन बसवायचा आणि त्यांच्या जागी हमाल उभे करायचा. शांतामावशीला तर घरीच पाठवायचा. गोदामामागे सावली असायची, शेठकडून चहा आणि चिवडा यायचा, आणि रोजी पूर्ण मिळायची. बाया त्याला ‘सावलीची सुट्टी’ म्हणायच्या आणि वर्षभर वाट पाहायच्या. साहेब यायचा, हमाल बघायचा, सही करून जायचा. दुसऱ्या दिवशी बाया पुन्हा ओपनरच्या तोंडाशी.

त्या वर्षी बाबा तहसीलमधून आले आणि पाय धुता धुता म्हणाले, परवा जिनिंगची तनिखी हाय. तनिखी म्हणजे तपासणी. तेलुगूत आणि कचेरीत हाच शब्द चालतो. पण त्या वेळी आमच्या दारात शेजारची गंगूबाई विरजण मागायला उभी होती. तिने तनिखीचं तनखी केलं आणि तनखीवरून तनखा. गंगूबाईचा बाप म्हणे कोण्या देशमुखाकडे तनख्यावर होता, त्यामुळे तनखा म्हणजे काय हे तिला पक्कं माहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी नळावर बातमी पिकली की तनखी साहेब येऊन राह्यला, बायाइचा तनखा वाढवाले. दुपारपर्यंत सगळ्या जिनिंगमध्ये तेच. एकीने तर वाढीव पैशात काय घ्यायचं तेही ठरवून टाकलं होतं.

मी तेव्हा दहावीत होते. शाळा मराठी, पण तेलुगूचा तास रोज असायचा आणि त्यात माझे गुण चांगले होते. माय भाकर थापत होती, तिला मी म्हटलं की माय, तनिखी म्हंजे तपासनी, तनख्याचा त्याच्याशी काई संबंध नाई. तिने भाकर तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, उलटली. मग विचारलं, “गंगूले सांगतलं का तू?”

मी म्हटलं, नाही.

“मंग नको सांगू. तपासनीसाठी कोनी सावली सोडत नाई. तनख्यासाठी सोडते.”

आणि वर असंही म्हणाली की परवा शाळेत जाऊ नको, तुला तेलुगू येते, माझ्यासोबत चल. बाबांनी चहाची बशी खाली ठेवली. सरकारी माणसाच्या घरातून हे निघालं असं कळलं तर, एवढंच म्हणाले आणि पुढचं वाक्य सोडून दिलं. मायला अडवणं त्यांना जमत नसे आणि त्यांनी ते फारसं मनावरही घेतलं नव्हतं.

पुढे नोकरीत असताना मी ही गोष्ट काही सहकाऱ्यांना सांगितली, तर एकाने मान हलवून विचारलं होतं की ही इतर बायांची फसवणूक नाही का झाली. ज्याला म्हणायची त्याने म्हणावी. शेठने हाताची बंडी केली, पोशेट्टीने बायांचे हमाल केले, आणि माझ्या मायने काय केलं, तर एका अडाणी शेजारणीची चूक दुरुस्त केली नाही. त्या सहकाऱ्याला मी तेव्हाही हेच ऐकवलं होतं आणि तो पुन्हा माझ्यासोबत जेवायला बसला नाही.

साहेबाच्या दिवशी बाया धुतलेली लुगडी नेसून आल्या. गंगूबाईने केसांना तेल लावलं होतं. पोशेट्टी नेहमीप्रमाणे टाळ्या वाजवत आला, चला, सावलीत चला. एकही हलली नाही. त्याने आधी हसून सांगितलं, मग ओरडून, मग हात जोडून. तो माणूस वाईट नव्हता, त्यालाही चार लेकरं होती आणि शेठचा धाक होता. गंगूबाई त्याला म्हणाली की आज सावली नको, आज साहेब पाह्यजे. तेवढ्यात फाटकात जीप वाजली आणि पोशेट्टीच्या तोंडचं पाणी पळालं.

साहेब बारीक अंगाचा, तेलुगू, बाहेरगावचा. नाकाला रुमाल लावून तो शेडमध्ये शिरला आणि जागीच थांबला. ओपनरच्या दोन्ही तोंडांशी बायांची रांग. मागे शेठ हातात शहाळं घेऊन उभा. शेठने लगेच हिंदीतून सांगायला सुरुवात केली की ह्या नुसत्या झाडलोट करायला आल्या आहेत. गंगूबाईने त्याला पुरं बोलूच दिलं नाही. ती पुढे झाली आणि मराठीतून तनखा वाढवायची विनंती अशी काही लांबलचक केली की त्यात तिच्या मेलेल्या नवऱ्याचा दमाही येऊन गेला. साहेबाला एक अक्षर कळलं नाही. त्याची नजर माझ्यावर पडली. शाळेचा गणवेश घातलेली पोरगी कारखान्यात बघून त्याच्या कपाळाला आठी पडली आणि हिला इथे कोणी कामाला लावलं, असं त्याने तेलुगूत विचारलं.

मी मायला सांगितलं. माय म्हणाली, “सांग त्याले, कामाले नाई आली, बोलाले आली.”

मी सांगितलं. माझं तेलुगू पुस्तकी होतं, धडा वाचून दाखवल्यासारखं. मी गंगूबाईची मागणीही सांगितली, दमा वगळून. साहेब हसला, पण वाईट हसला नाही. तो म्हणाला की पगार हे माझं काम नाही, ते दुसरं ऑफिस, मी यंत्रं बघतो. मी ते मराठीत केलं आणि समोरच्या सगळ्या चेहऱ्यांवरचं तेज उतरलं. मग त्याने दुसरं वाक्य उच्चारलं, ते न हसता, कोरडेपणाने. या यंत्रापाशी बायांना काम करता येत नाही. आजपासून एकही बाई इथे दिसता कामा नये. तेही मलाच सांगावं लागलं. पुढच्या आयुष्यात मी कितीतरी जणांना कितीतरी कडू हुकूम वाचून दाखवले, पण त्या पहिल्याइतका कडू एकही नव्हता. भीक नको पण कुत्रं आवर, अशी गत झाली. वाढ राहिली बाजूला, हातचं कामच चाललं. गंगूबाई वळली आणि मायपुढे येऊन उभी राहिली.

“गया, तुले मालूम होतं का वं?”

“मालूम होतं,” माय म्हणाली.

सगळ्यांसमोर. तिला खोटं बोलता आलं असतं, आणि त्या घडीला मला वाटत होतं की बोलावं. ती बोलली नाही. गंगूबाईकडून नजर काढून ती मला म्हणाली, त्याले विचार, काऊन.

मी विचारलं, एंदुकू, म्हणजे का? साहेब म्हणाला, नियम आहे. मायने विचारायला लावलं, नियम काऊन? तो म्हणाला, धोका असतो. माय म्हणाली, धोका असते तं मशीनमधी असते, बाईमधी काय धोका हाय? साहेब माझ्याकडे बघत राहिला, हा प्रश्न तिचा की माझा हे त्याला ठरवता येत नसावं. मला वाटतं त्याला ‘का’ हे कोणी विचारलंच नव्हतं. मालक कसं टाळता येईल ते विचारायचे आणि मजूर काहीच विचारायचे नाहीत. म्हणून असेल, त्याने खरं सांगून टाकलं. म्हणाला, रुई बाहेर पडते ते तोंड घातक. आत घालायचं तोंड आणि बाहेर पडायचं तोंड यांच्या मध्ये छतापर्यंत भिंत असेल, तर आत घालायच्या बाजूला बायांना काम करायला मुभा आहे. कायद्यात तसंच आहे. पण भिंत कोणी बांधत नाही. मी येतो त्या दिवशी बाया हलवतात.

मी सांगत होते तसा मायचा चेहरा बदलत गेला. भिंत, असं ती एकदा पुटपुटली. मग मोठ्याने म्हणाली, “मंग आमाले काऊन हाकलता? मशीनले पदर घाला.”

पदराला तेलुगूत काय म्हणतात ते पुस्तकात नव्हतं. ते मला शेजारच्या पोरींमुळे येत होतं. कोंगु. यंत्राला कोंगु घाला, असं मी त्या सरकारी माणसाला सांगितलं, आणि त्याने नाकावरचा रुमाल काढला.

शेठ मध्ये पडला. छत केवढं उंच, हंगाम केवढा भरात, गवंडी कुठून आणायचे. आणि मुळात इथे आजवर कोणाला खरचटलंसुद्धा नाही. तेव्हा रुईच्या ढिगामागून शांतामावशी पुढे आली. पोशेट्टीने तिला सकाळीच घरी पाठवलं होतं आणि मायने तिला मागच्या वाटेने परत आणलं होतं. तिने नुसता पदराखालून हात काढला. शेठ म्हणाला, ही तर बंडीखाली आली होती.

“साहेबाले विचार,” माय म्हणाली, “बंडीच्या चाकाले दात राह्यतात का.”

मी विचारलं. त्याने मावशीच्या हाताकडे पाहिलं, मग ओपनरच्या तोंडाकडे, मग यंत्र बंद करा म्हणाला. पोशेट्टीने बटण दाबलं. पट्टा हळूहळू मंदावत थांबला. मागे हमाल उभे होते, ते इतका वेळ बायांची गंमत बघून हसत होते. मायने त्यांच्याकडे बोट केलं आणि मला विचारायला लावलं की भिंतीच्या तिकडं हे राह्यतील, त्याइचे हात लोखंडाचे हायत का? हमालांचं हसू तिथेच थांबलं. साहेबाने शेठच्या ऑफिसात बसून हुकूम लिहिला. छतापर्यंत भिंत, बाहेरच्या तोंडाला कुलपाची जाळी, आणि तोवर ओपनर बंद.

ओपनर बंद म्हणजे गाठी बंद, गाठी बंद म्हणजे रुई ठेवायला जागा नाही, आणि मग एकेक करत सगळी यंत्रं थांबली. हंगामाच्या ऐन भरात वस्तीतली ताटं किणकिणायची बंद झाली. घराघरांत ज्वारीच्या कण्या शिजू लागल्या, अंबाडी बिनतेलाची. बायांना राग शेठचा येत नव्हता, तो लांब होता. राग आमचा येत होता. गंगूबाई विरजण न्यायला यायची थांबली. नळावर मायचा नंबर आला की तिची घागर बाजूला सरकवली जायची आणि कोणी काही बोलायचं नाही. माय उभी राहायची, पाणी जायचं, ती रिकामी घागर घेऊन परत यायची. तिने भांडण काढलं नाही. भांडायला तिला भीती नव्हती, पण त्या बायांची चूल तिच्यामुळे थंडावली आहे हे ती जाणून होती. मग एके सकाळी बाबांनी खाकी कपडे घातले, घागर उचलली आणि नळावर जाऊन बायांच्या रांगेत उभे राहिले. आमच्याकडे तेव्हा नळावरून पाणी आणणं हे पुरुषाचं काम नव्हतं. बाया एकमेकींकडे बघत राहिल्या, पण तहसीलच्या खाकीला कोणी मागे ढकललं नाही. जिनिंग बंद होती तितके दिवस बाबा पाणी भरून मगच कामावर गेले.

शेठने तहसीलदाराच्या कानावर घातलं होतंच. बाबांना बोलावून विचारण्यात आलं की तुझ्या घरात हुकूमत कोणाची चालते. बाबांनी सांगितलं, “साहब, मैं तो अटेंडर हूँ, यहाँ भी और घर में भी.” घरी येऊन त्यांनी हे आम्हाला न हसता सांगितलं. माय मात्र हसली, त्या दिवसांत हसली ती तेवढीच. बाबांचं हे एक वाक्य मी माझ्या नोकरीत कोणत्याही मंत्र्याच्या भाषणापेक्षा जास्त वेळा आठवलं आहे.

भिंत आधी माणसाच्या उंचीइतकी झाली. शेठला वाटलं तेवढ्यावर भागेल. साहेब न कळवता आला, मान वर करून भिंतीच्या वरची मोकळी जागा बघितली, आणि छतापर्यंत, एवढाच शब्द बोलून निघून गेला, असं पोशेट्टीनेच वस्तीत येऊन सांगितलं. मग भिंत छतापर्यंत गेली. बाहेरच्या तोंडाला जाळी लागली, तिला कुलूप लागलं. आणि एके सकाळी भोंगा झाला.

मी शाळेच्या वाटेवर होते. बाया फाटकातून आत जात होत्या, मायही त्यांच्यात होती. पोशेट्टीने तिच्यापुढे हात आडवा धरला. तिच्याकडे न बघता म्हणाला, गयाबाई, तू नको, शेठ नको म्हनते. मागच्या बाया थबकल्या. शांतामावशी वळून उभी राहिली, गंगूबाईही. मला वाटलं आता त्या बाहेर येतील. दुसरा भोंगा झाला. एकेक करत सगळ्या आत गेल्या, शांतामावशी सगळ्यांत शेवटी. शेठचं काम सुंठीवाचून खोकला गेल्यागत झालं होतं. आतली यंत्रं चालू झाली, आणि माय फाटकाबाहेर उभी राहून ऐकत राहिली. या बायांना मी दोष देत नाही, त्यांच्या घरी कण्याही संपत आल्या होत्या, असं लिहायची रीत आहे. मी देते. थोडा देते, पण देते.

काही दिवसांनी साहेबाची जीप आमच्या वस्तीत आली. भिंत बघायला तो गेला होता आणि आत माय दिसली नाही. ती कुठे ते कोणी सांगेना, मग पोशेट्टीने त्याला हळूच सांगितलं. तो आमच्या दारात उभा राहिला, बसला नाही. मायने पाणी दिलं. मी मध्ये उभी. तो म्हणाला, अम्मा, भिंत बांधून घेणं माझ्या हातात होतं. कोणाला कामावर ठेवायचं ते माझ्या हातात नाही. त्यासाठी दुसरं ऑफिस आहे, तिथे अर्ज करता येईल, वेळ लागेल, काय होईल सांगता येत नाही. हे बोलताना तो मायकडे न बघता पाण्याच्या पेल्याकडे बघत होता. मायने मला सांगायला सांगितलं की साहेब, तुमी भिंत छतापर्यंत नेली, तेवढं आजवर कोनी केलं नोतं, पानी प्या.

मी तेवढं सांगितलं. आणि माय म्हणाली नव्हती ते एक वाक्य माझं घातलं. शाळेत शिकलेला जड शब्द वापरून मी म्हटलं की सार, तुमची तनिखी असंपूर्णम् आहे. मला वाटलं आता तो रागावेल, आणि रागावला असता तर बरंच झालं असतं, मी तयार होते. तो म्हणाला, अवुनु. होय. पाणी प्यायला, पेला स्वतः उंबऱ्याच्या आत ठेवला आणि गेला.

मायने अर्ज केला. त्याचं काही झालं नाही. शेजारच्या जिनिंगवाल्यांनीही तिला घेतलं नाही, शेठ लोकांचं आपसांत पटत नसलं तरी अशा बाबतीत पटतं. ती पुढे मुलींच्या वसतिगृहात भाकरी थापायला लागली आणि त्याच वसतिगृहात माझी सोय झाली. बाया हळूहळू बोलू लागल्या. गंगूबाई विरजण मागायला आली तेव्हा मायने वाटीभर जास्तच दिलं. मी दिलं नसतं. त्या ओपनरवर नंतर बायांनी कितीतरी हंगाम काढले, भिंतीच्या अलीकडे बाया आणि पलीकडे कुलपाच्या जाळीआड हमाल. म्हातारपणी एकदा मी तिला विचारलं की तुला त्या जागेचं कधी वाईट वाटलं का. ती माझ्यावर चिडलीच. म्हणाली, “माही जागा गेली, गेली. हात तं कोनाचा गेला नाई मंग.”

मायचा हा हिशेब मला तेव्हाही मान्य नव्हता आणि आता तिच्या वयाला पोचले तरी नाही. दोन्ही राहायला हवं होतं, हातही आणि जागाही. मी पुढे पॉलिटेक्निक केलं, मग इंजिनिअरिंग, मग परीक्षा देऊन त्या साहेबाच्याच खात्यात लागले, आणि मंचेरियलपासून भैंशापर्यंत कारखाने तपासत नोकरी संपवली. कोणी बाई किंवा बाप्या धीर करून बोलला, मी हुकूम काढला, मुदत दिली आणि दुसऱ्यांदा गेले, की मालक मला घाईघाईने आत न्यायला बघायचे. नवी जाळी, नवं कुलूप, ताजा रंग, सगळं दाखवायची कोण हौस. मी फाटकातच उभी राहायचे. हे तुमच्या अखत्यारीत येतं का, अशी वरून मला विचारणा झाली. येत नाही, असं मी लेखी उत्तर पाठवलं, आणि त्याच आठवड्यात दुसऱ्या कारखान्याच्या फाटकात उभी राहून मालकाला सांगितलं, भिंत मग बघते, आधी ती बोललेली बाई कुठे आहे ते दाखवा.